पंडिता रमाबाई
१८७४ च्या सुमारास दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण यांचा अन्नावाचून अंत झाला. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या या कुटुंबाने उपासतापास, दानधर्म यांत काही उणे ठेवले नव्हते. रमाबाईंची जुनी श्रद्धा तेथेच ढळली. पुढे भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व स्वकीयांचा रोष पत्करला.

हा नवा विश्वास कसोटीला लागला तो १८९६-९७ च्या दुष्काळात. हाती पुरेसा पैसा नव्हता. देव पुरवील, एवढ्याच भरवशावर त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. भुकेची ओळख त्यांना कोणी करून द्यायला नको होती! केडगावचे मुक्तिसदन त्या मुलींचे घर झाले.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.