पदवीवाचून पालीपंडित: धर्मानंद कोसंबी

सांकवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. घरची माडबागायत सांभाळण्यात तारुण्य सरत असता एका मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मूळ बौद्ध ग्रंथांचा ध्यास लागला. १८९९ साली पत्नी व चिमुकली कन्या यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. त्यांच्या ज्ञानयात्रेचे मोल कुटुंबालाही चुकवावे लागले.

काशीला संस्कृत आणि सिंहलद्वीपात पाली शिकून ते कलकत्त्यास पालीचे अध्यापक झाले. पदवी नव्हती, विद्या होती. तिची पारख बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केली. आज सुभानपुऱ्यासारख्या उपनगरांपर्यंत पसरलेल्या या नगरीच्या अधिपतीने त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहून बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास व लेखन करावे. कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी सोडून कोसंबींनी ती वृत्ती स्वीकारली, कारण मराठी समाजापर्यंत बुद्धविचार पोहोचवणे हेच त्यांचे जीवितकार्य होते.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी पाचारण केले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीच्या अभ्यासकांची पिढी घडवली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ‘विसुद्धिमग्ग’ १९५० साली प्रसिद्ध झाला. पदवी नसलेल्या या गोमंतकीयाचे नाव त्यावर कायमचे कोरले गेले.