सम्राट अशोक : शीलाच्या पायावर समाज बांधणारा राजा

सम्राट अशोकाचे नाव आपल्या घराघरात आहे. आपण मुलांची नावे अशोक ठेवतो. राष्ट्रध्वजावर चोवीस आऱ्यांचे चक्र आहे, नोटांवर आणि नाण्यांवर सारनाथचे सिंह आहेत, आणि दरवर्षी आपण अशोक विजयादशमी मोठ्या उत्साहाने साजरी करतो. पण या राजाने नेमके केले काय, हे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण एवढेच सांगतील की, त्याने कलिंगाचे युद्ध जिंकले, रक्तपात पाहून त्याला पश्चात्ताप झाला आणि तो बौद्ध झाला. हे खरेच आहे. पण ही तर गोष्टीची सुरुवात झाली. पश्चात्ताप पुष्कळांना होतो. पश्चात्तापानंतर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, हा खरा प्रश्न आहे. मोडलेला समाज पुन्हा कशाच्या पायावर उभा करायचा? विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही अशोकाचे चरित्र याच अंगाने मांडत आहोत.

अशोक हा मौर्य घराण्यातील चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. राजपुत्र असताना तो उज्जैनला कारभार पाहत होता, आणि विदिशेच्या एका व्यापाऱ्याची मुलगी देवी ही महेंद्र व संघमित्रा यांची आई, असे सिंहली परंपरा सांगते. इ.स.पू. २६८ च्या सुमारास पाटलिपुत्रात त्याचा राज्याभिषेक झाला. तो आधी फार क्रूर होता, त्याने आपले नव्व्याण्णव भाऊ मारले, अशाही कथा आहेत. या कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या. धम्माने केवढा बदल घडवला हे ठसवण्यासाठी आधीचा अशोक जितका काळा रंगवता येईल तितका रंगवला गेला, असे आम्हाला वाटते. राज्याभिषेकाच्या तेराव्या वर्षानंतरच्या त्याच्या स्वतःच्या लेखात भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. सगळे भाऊ मारले असते तर ही घरे कुठून आली असती? तेव्हा दंतकथा बाजूला ठेवून, त्याने स्वतः दगडावर जे कोरून ठेवले तेच आम्ही प्रमाण मानतो. तथागतांनीही आपल्याला हेच शिकवले की, ऐकीव गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. कलिंग म्हणजे आजचा ओडिशाकडचा प्रदेश. या युद्धाचा हिशेब त्याने स्वतःच दिला आहे. १,००,००० माणसे रणात मेली, १,५०,००० माणसे कैद करून नेली गेली, आणि त्याच्या कित्येक पटींनी नंतर मेली. जगात विजयस्तंभ उभारणारे राजे पुष्कळ झाले. पण आपल्या विजयातली मढी स्वतः मोजणारा आणि हे माझ्याकडून झाले, याचे मला दुःख आहे, असे दगडावर कोरणारा दुसरा राजा दाखवणे कठीण आहे. त्याला दुःख कशाचे झाले तेही बघा. जी साधी माणसे आईवडिलांची सेवा करत होती, मित्रांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागत होती, त्यांची ताटातूट झाली, याचे त्याला दुःख झाले. राज्य जिंकताना आपण समाजच मोडला, हे त्याला कळले.

इथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो. अशोकाने कलिंग परत केले नाही. सैन्य मोडीत काढले नाही. फाशीची शिक्षा बंद केली नाही, फक्त शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत दिली. रानात राहणाऱ्या लोकांना त्याने समजुतीच्या शब्दांबरोबर इशाराही दिला. या गोष्टी झाकून ठेवल्याने अशोक मोठा होत नाही. तो माणूस होता, राजा होता, आणि त्या मर्यादेत राहून त्याने काय केले हे पाहिले तरच त्याच्यापासून आपल्याला शिकता येईल. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला हार घालता येतो, त्याच्या मागून चालता येत नाही.

तो एका दिवसात बदललाही नाही. आपण उपासक झालो, पण पहिले वर्षभर फारसा उत्साह दाखवला नाही, संघाच्या जवळ गेल्यावर मग खरा प्रयत्न सुरू केला, अशी कबुली त्याने लेखात दिली आहे. हे वाचून आम्हाला धीर येतो. दीक्षा घेणे एका दिवसाचे काम आहे. शील अंगात मुरायला वर्षे लागतात, मग तो सम्राट असो की गिरणीत राबणारा माणूस.

आता त्याने उभारणी कशी केली ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे त्याने माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावली, आमराया केल्या, विहिरी खणल्या, वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. राजाच्या मुदपाकखान्यात रोज होणारी हजारो जनावरांची कत्तल त्याने दोन मोर आणि एक हरीण इतक्यावर आणली, आणि पुढे तेही बंद करण्याचे ठरवले. धम्म म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. तहानलेल्याला पाणी आणि चालणाऱ्याला सावली, ही धम्माची पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्यांची. कलिंगात धौली आणि जौगड इथे त्याने खास लेख कोरून घेतले. ज्यांच्यावर तलवार चालवली होती त्याच लोकांच्या प्रदेशात त्याने सांगितले की, सगळी माणसे मला मुलांसारखी आहेत. अधिकाऱ्यांनी कोणालाही विनाकारण कोंडू नये, छळू नये. मत्सर, राग, कठोरपणा, उतावळेपणा आणि आळस हे न्याय करणाऱ्याचे दोष आहेत, असे त्याने बजावले. लोकांचे गाऱ्हाणे आले तर आपण जेवत असू किंवा आतल्या घरात असू, तरी तिथे येऊन सांगा, असा त्याचा हुकूम होता. सरकारी कचेरीत एका कागदासाठी चार-चार खेपा घालणाऱ्या आपल्या लोकांना या हुकमाची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे त्याने धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले. कैदी, म्हातारी माणसे, पोराबाळांचा भार असलेली माणसे यांच्याकडे पाहणे हे त्यांचे काम होते.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची वाटते. शिलालेखांतून धम्म म्हणजे काय हे तो जिथे जिथे सांगतो, तिथे तिथे दास आणि भृतक यांच्याशी नीट वागणे ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. भृतक म्हणजे मजुरी घेऊन काम करणारा माणूस. आजच्या भाषेत कामगार. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने मजुराशी चांगले वागण्याला धर्म म्हटले, त्याला यज्ञयागाच्या वर बसवले. त्याने दासप्रथा मोडली नाही, हे खरे आहे. परंतु जन्माने कोण कुठला हे न पाहता, राबणाऱ्याशी कसे वागता यावर माणसाची पारख करणे, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती.

हा विचार ज्या नवव्या शिलालेखात आला आहे, त्याचा एक तुकडा आपल्या शेजारी सोपाऱ्याजवळच्या भुईगावात सापडला. सोपारा म्हणजे लोकलच्या पाटीवर आपण वाचतो ते नालासोपारा. एके काळी ते मोठे बंदर होते. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि प्राचीन स्तूपही उजेडात आला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी हा दगड वर यावा, हा योगायोग आहे. चमत्कार आम्ही मानत नाही, पण आनंद मानायला काय हरकत आहे? हा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांना घेऊन जाऊन तो जरूर दाखवावा.

त्या नवव्या लेखात अशोक आणखी एक गोष्ट सांगतो. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे विधी करतात, आणि त्यातून फळ थोडेच मिळते. खरे मंगल म्हणजे चांगले वागणे. यात त्याने बायकांच्या विधींना नावे ठेवली आहेत. आम्ही म्हणू, पुरुष काही कमी नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून, मागच्या दाराने मुहूर्त विचारायला जाणारे बाप्ये आम्ही पाहिले आहेत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या आणि दारूची बाटली कपाटात ठेवली, तर त्या घराचा पाया कशाचा म्हणायचा?

चौथी गोष्ट एकीची. बाराव्या लेखात त्याने सांगितले की, आपल्या पंथाची नको तेवढी स्तुती करू नये आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये. जो असे करतो तो स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो. तो स्वतः बौद्ध उपासक होता, पण बराबरच्या टेकडीत त्याने आजीवक साधूंना लेणी दिली. मात्र भिक्षुसंघात फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रे घालून संघाबाहेर काढावे, असा कडक हुकूमही त्यानेच दिला. सारनाथ, सांची आणि कौशांबीला तो कोरलेला आहे. दुसऱ्याशी सलोखा आणि आपल्यात शिस्त, असा हा मेळ होता. आपल्याकडे नेमके उलटे होते. एकाच वस्तीत तीन मंडळे, तीन पावतीपुस्तके, आणि जयंतीची मिरवणूक कोणाची पुढे यावर भांडण. हे कोणाचे नाव घेऊन आम्ही लिहीत नाही. ज्याने त्याने स्वतःशी विचार करावा.

राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक लुंबिनीला गेला. तथागतांचे जन्मस्थान म्हणून त्याने तिथे स्तंभ उभारला आणि गावाचा कर कमी केला. मोगलिपुत्त तिस्स यांच्या अध्यक्षतेखाली पाटलिपुत्राला तिसरी संगीती झाली आणि धम्माचा संदेश घेऊन भिक्खू दूरदूर गेले, असे महावंस सांगतो. महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले. योनक धम्मरक्खित थेर अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत आले. महेंद्र आणि संघमित्रा श्रीलंकेला गेले.

राज्याभिषेकानंतर २७ वे वर्ष उजाडले तेव्हा अशोकाने सातवा स्तंभलेख लिहवला. त्यात आयुष्यभराचा हिशेब आहे. धम्म दोन मार्गांनी वाढला, एक नियमाने आणि दुसरा मन वळवून. त्यात नियमाने थोडे झाले, मन वळवून अधिक झाले, असे तो सांगतो. ज्याच्या हातात सैन्य होते, तुरुंग होते, त्या माणसाने हे सांगितले आहे! हुकमाने माणसाचा हात थांबतो. मन बदलले तरच तो हात दुसऱ्याला उचलायला पुढे येतो.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोक गेला. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांत मौर्यांचे राज्य संपले. शेवटचा राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने ठार केले. कालांतराने लोक ती लिपीही विसरले. दगड उभे होते, पण वाचणारा नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली. लेखांतला प्रियदर्शी राजा म्हणजेच अशोक, याचा पुरावा १९१५ साली मस्कीच्या लेखाने मिळाला. एवढ्या मोठ्या राजाला त्याच्याच देशात जवळजवळ पुसून टाकले गेले होते.

असे का झाले? आमच्या मते, धम्म जिथे राजाच्या अधिकाऱ्यांवर अवलंबून होता, तिथे राजा गेल्यावर तो सैल पडला. जिथे तो भिक्खूंच्या आणि साध्या उपासकांच्या घरात रुजला, तिथे टिकला. पाटलिपुत्राचे राज्य संपले, पण श्रीलंकेत धम्म आजही जिवंत आहे. महाराष्ट्रातही पुढे शेकडो लेणी कोरली गेली. त्यांतल्या शिलालेखांत राजांबरोबर व्यापारी, लोहार, माळी आणि गृहिणी यांचीही दाने नोंदलेली आहेत.

बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. २२ जुलै १९४७ रोजी अशोकाचे चक्र राष्ट्रध्वजावर आले, २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह राजमुद्रा झाले. त्याच दिवशी संविधान अमलात आले. पण ते घडवणारे बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. संविधानाची नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच सांगितले होते. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, त्यांनी नागपूरला लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली. एका हातात कायदा दिला, दुसऱ्या हातात शील दिले. त्यातले एक सुटले की दुसरे लंगडे पडते.

बंधू-भगिनींनो, आपला विहार विटा-सिमेंटने उभा राहिला. त्यासाठी कोणी पगारातून, कोणी भिशीतून पैसे दिले. तो अशोकाच्या स्तंभाएवढा मोठा नाही. पण इथे दर रविवारी दहा मुले येऊन बसली, एका घरातली दारू सुटली, घरात सुनेचा शब्द ऐकला गेला, घरकाम करणाऱ्या बाईला वेळेवर आणि मानाने मजुरी दिली गेली, दोन मंडळे एकत्र आली, तर अशोकाने जे काम राजवाड्यातून सुरू केले ते आपल्या गल्लीतून पुढे गेले असे म्हणता येईल. त्याच्याकडे दगड होता, त्याने दगडावर कोरले. आपल्याकडे रोजचे वागणे आहे. मुले तेच वाचतात.

नमो बुद्धाय! जय भीम!