आगरकर आणि बनावट पत्रांचा धडा

जळगावच्या घरकुल प्रकरणात २००६ मध्ये फिर्याद दाखल झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागला. फिर्याद आणि निकाल यांमधील अशा प्रदीर्घ काळात हाती आलेला कागद छापण्यापूर्वी कसा पारखावा, हा प्रश्न वृत्तपत्रांपुढे कायम उभा असतो. मराठी पत्रकारितेला तो १८८२ मध्येच पडला होता आणि त्याची किंमत 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांना तुरुंगात मोजावी लागली.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण अत्यंत हलाखीत झाले. डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री जुळली. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून दोघांनी शिक्षण व पत्रकारितेचे व्रत घेतले आणि जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली.

त्या वेळी कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे असल्याचे सांगितले जात होते. त्यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र हळहळला. अशातच कारभारी माधवराव बर्वे यांना गुंतवणारी काही पत्रे पुण्यात आली. त्यांवर विसंबून दोन्ही पत्रांनी बर्वे यांच्यावर कटाचा आरोप केला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट असल्याचे खटल्यात उघड झाले. संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची साधी कैद झाली.

जनतेची सहानुभूती मात्र संपादकांकडेच होती. महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. १०१ दिवसांनी सुटका झाल्यावर दोघांचे उत्साहात स्वागत झाले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे इंग्रजांच्या देखरेखीखाली असतानाच महाराजांचा मृत्यू झाला आणि लोकांची हळहळ अनाठायी नव्हती, हे दिसून आले. पण म्हणून ती पत्रे खरी ठरत नाहीत. हेतू शुद्ध होता, कळवळा खरा होता. पुरावा मात्र खोटा होता.

आगरकरांनी हा प्रसंग लपवला नाही. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक त्यांनी स्वतःच लिहिले. १८८७ मध्ये 'केसरी' सोडून पुढील वर्षी त्यांनी 'सुधारक' काढले आणि रूढींनाही बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिले. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

लोकांना पटणारी बातमी आणि पुराव्याने सिद्ध होणारी बातमी यांतील अंतर आगरकरांच्या चरित्रातील या १०१ दिवसांनी कायमचे दाखवून दिले आहे.