धम्मासाठी घर सोडणारे धर्मानंद कोसंबी

लोनाडची बौद्ध लेणी आपल्या भिवंडी तालुक्यातच आहेत. परंतु त्या लेण्यांतला धम्म शेकडो वर्षे मराठी माणसाला पारखा झाला होता. तो शोधण्यासाठी एका मराठी माणसाला सिंहलद्वीप गाठावे लागले. त्याची ही ओळख.

धर्मानंद कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. 'बालबोध' मासिकातले बुद्धचरित्र वाचले आणि त्यांना ध्यास लागला. १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळातून निराश होऊन परतले. अखेर १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन त्यांनी पालीचे अध्ययन केले.

पुढे कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून, सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये स्वीकारून ते महाराष्ट्रात आले. धम्म मराठीत सांगायचा, हाच हेतू. हार्वर्डला त्यांनी 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट चिनी भाषा शिकले. मूळ पालीत लुप्त झालेला 'विमुत्तिमग्ग' चिनी भाषांतरात टिकून होता. बापटांनी १९३७ साली या दोन ग्रंथांची तुलना प्रसिद्ध केली. आपण गमावलेले धन चीनने जपले होते!

कोसंबींची श्रद्धा डोळस होती. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला तंटा त्यांनी 'बोधिसत्त्व' नाटकात गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच तंटा आहे, हे ध्यानात घ्या.

१९३७ साली कोसंबींनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. परंतु विहार बांधल्याने समाज धम्माकडे वळत नाही. त्यासाठी चळवळ लागते. ती त्यांच्यापाशी नव्हती. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. नऊ वर्षांनी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना दीक्षा दिली.

यंत्रमागावर पाळी करून थकलेल्या बांधवा, ज्या धम्मासाठी कोसंबी देशोदेशी भटकले, तो बाबासाहेबांनी तुझ्या दारात आणून ठेवला आहे. दीक्षा घेतलीस; आता रोज एक पान तरी वाच, पारखून घे आणि मुलांना सांग.