लिनोवर चित्रे कोरणारे चित्तप्रसाद

स्मरणिकेत थोरांची चरित्रे येतात ती बहुधा संतांची, देशभक्तांची, नाहीतर समाजसुधारक स्त्रियांची. या वर्षी एका ठसे कोरणाऱ्या चित्रकाराचे चरित्र भगिनींपुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव चित्तप्रसाद. जन्माने बंगाली, पण त्यांच्या आयुष्याची तीसएक वर्षे आपल्या महाराष्ट्रात, मुंबईला गेली.

नाशिककरांना छपाई नवी नाही. नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास सरकारी सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ साली नोटांचा छापखाना निघाला. आपल्याकडे कितीतरी घरांत प्रेसची नोकरी बापाकडून मुलाकडे आली आहे. तिथे धातूच्या पत्र्यावर केसासारख्या बारीक रेघा कोरतात व त्यांतून तिकिटे-नोटा निघतात. चित्तप्रसादांनी कोरले ते मात्र जमिनीवर अंथरायचे लिनोलियम.

हे लिनो कशाचे असते ते ऐकून नवल वाटेल. आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाचे तेल आटवून घट्ट करायचे, त्यात बुचाच्या झाडाचा भुगा कालवायचा आणि गोणपाटावर थापायचे. त्याचा तुकडा घेऊन लहान पन्हळीसारख्या हत्याराने कोरतात. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते, जे ठेवले ते काळे उठते. साडीवरच्या ठशासारखेच हे. मात्र सारे उलटे कोरावे लागते, डावे ते उजवे. आणि एकदा कापले की गेले. रांगोळीची रेघ चुकली तर बोटाने पुसता येते, इथे ती सोय नाही. मग शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचे. मोठे यंत्र नसले तरी चमच्याच्या पाठीनेही काम भागते. एका ठशातून पुष्कळ चित्रे निघतात, म्हणून चित्र स्वस्त पडते. चित्तप्रसादांना हेच हवे होते. एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगायचे चित्र त्यांना काढायचे नव्हते.

त्यांचा जन्म १९१५ चा, नैहाटीचा. वंदे मातरम् लिहिणाऱ्या बंकिमचंद्रांचे गावही तेच. कॉलेजचे शिक्षण चितगावला झाले. १९३० साली सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला होता. त्या गावचा तरुण स्वस्थ कसा बसणार? ते कम्युनिस्ट पक्षात व शेतकऱ्यांच्या चळवळीत गेले. जातिभेद नको म्हणून भट्टाचार्य हे आडनाव त्यांनी टाकून दिले. चित्रकलेचे त्यांचे शिक्षण कुठल्या कलाशाळेत झाले नाही. हात आपला आपणच वळवला.

पुढे १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे पाऊस पडला नाही असे आपण समजतो, पण तिथे महायुद्ध, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांनी तांदूळ गरिबाच्या हाती लागेना. वीस ते तीस लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. त्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरले. पाहिले ते लिहिले आणि शाईने काढले. सांगाडे झालेले म्हातारे, मूल उराशी धरलेली बाई. चित्राखाली माणसाचे नाव, गाव लिहून ठेवायची त्यांची पद्धत होती. मला यात त्यांचे मोठेपण दिसते. लाख म्हटले की आकडा होतो, नाव लिहिले की कुणाची तरी आई होते. हे सारे ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेत छापले गेले. इंग्रज सरकारने तिच्या सुमारे ५००० प्रती जप्त करून जाळल्या.

१९४६ साली ते मुंबईला स्थायिक झाले. इप्टा या नाट्यसंस्थेची नगारा वाजवणाऱ्या माणसाची खूण त्यांच्याच हातची. पण १९४८ नंतर पक्षाशी त्यांचे जमेना व ते दूर झाले. पक्षापाठोपाठ सोबतीही गेले, आणि मिळकत तर आधीपासून बेताचीच. अंधेरीला एका लहानशा जागेत राहून ते लिनो कोरीत राहिले. शेतकरी, मजूर, मुलाला घेतलेल्या आया हे त्यांचे विषय. १९५० नंतर त्यांनी मुलांवर एक चित्रमालिका केली. तिच्या नावाचा अर्थ परीकथा नसलेले देवदूत असा होतो. पोटासाठी राबणारी, खेळायच्या वयात कमावणारी पोरे त्यात आहेत. ती चित्रे १९६९ साली डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने पुस्तकरूपाने काढली. म्हणजे परदेशाने दखल घेतली, प्रागच्या राष्ट्रीय कलादालनातही त्यांचे काम आहे, आणि घरी मात्र ओढगस्त. लोकांसाठी कला म्हणणे सोपे, पण स्वस्त चित्र विकून घरभाडे द्यायचे कसे हा हिशेब आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनाच नीट कळेल. मानी स्वभावामुळेही त्यांचे हाल वाढले असावेत असे मला वाटते.

एक हौस मात्र त्यांनी मनसोक्त केली, ती कळसूत्री बाहुल्यांची. एका चेक मित्राच्या मदतीने त्यांनी बाहुल्यांचा खेळ उभारला. बाहुल्या, पडदे सारे हातचे, आणि प्रेक्षक आजूबाजूची गरिबांची मुले.

१९७८ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला त्यांचे निधन झाले.

त्या जाळलेल्या पुस्तिकेची एक प्रत मात्र त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली होती. २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने तिच्यावरून जशीच्या तशी नवी आवृत्ती छापली.