पावसात भिंत का पडते? याचं गणित सोडवणारे कार्ल टेरझागी

पावसाळ्यात घाटातून जाताना रस्त्याकडेच्या भिंतीत छोटे छोटे पाईप दिसतात. त्यातून पाणी ठिबकत असतं. अनेकांना वाटतं भिंत गळतेय. पण ते पाणी मुद्दाम बाहेर काढलेलं असतं. ते आत तुंबलं, तर भिंतच अंगावर येऊ शकते.

यामागचं शास्त्र नीट मांडलं ते कार्ल टेरझागी यांनी.

टेरझागींचा जन्म 1883 चा, प्रागमधला. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ते मेकॅनिकल इंजिनियर झाले आणि बांधकामांवर काम करू लागले. तिथं त्यांना एक गोष्ट खटकली. लोखंडाचा हिशोब बरोबर यायचा, मातीचा मात्र चुकायचा. उत्तर शोधायला 1912 मध्ये ते अमेरिकेत गेले, तिथली धरणांची कामं पाहिली आणि निराश होऊन परतले.

1916 मध्ये ते इस्तंबूलला शिकवायला गेले. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला आणि त्यांची नोकरी गेली. मग तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात त्यांनी तुटपुंज्या साहित्यातून स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. माती भिंतीला किती ढकलते, हे ते तिथं मोजू लागले. 1925 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि मृदा यांत्रिकी हे नवं शास्त्र जन्माला आलं.

आता मूळ मुद्दा. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात ते घर्षणामुळे. कणांमधल्या जागेत पाणी भरलं की त्याचा दाब कणांवरचं वजन हलकं करतो. घर्षण कमी होतं. शिवाय कोरडी वाळू आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोर आडवा लावते, पाणी मात्र पूर्ण जोर लावतं.

3 मीटर उंच भिंत घ्या. मागे कोरडी वाळू असेल, तर प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 2.7 टन जोर येतो. पाणी वरपर्यंत तुंबलं की तोच जोर 6 टनांच्या आसपास जातो. भिंत तीच, पण भार दुपटीहून जास्त!

हे सगळ्यांना लगेच पटलं नाही. व्हिएन्नातले प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी 1936 मध्ये पुस्तिका काढून टेरझागींवर जाहीर हल्ला चढवला. चौकशी समिती नेमली गेली, निकाल टेरझागींच्या बाजूने लागला. 1937 मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आयुष्य संपवलं.

1938 मध्ये टेरझागी अमेरिकेत गेले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले. 1963 मध्ये त्यांचं निधन झालं. कॅनडातल्या एका धरणाला आज त्यांचं नाव आहे.

आपल्याकडे जुलै 2019 मध्ये मुसळधार पावसात मुंबईतल्या मालाडमध्ये भिंत कोसळून वीसहून अधिक लोकांचा जीव गेला.

म्हणून तुमच्या सोसायटीची भिंत मातीला टेकून उभी असेल, तर पावसाआधी एकदा तिची भोकं बघा. माती, कचरा किंवा प्लास्टरने बुजली असतील, तर लगेच मोकळी करायला सांगा. आणि भर पावसात ती कोरडी दिसत असतील, भिंतीला फुगवटा किंवा नवी चीर असेल, तर तिच्याजवळ थांबू नका.