जॉन स्नो कोण होते? मृत्यूंच्या नकाशातून कॉलऱ्याचं मूळ कसं सापडलं?

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, लोक दगावले आणि संशय पंचगंगेच्या दूषित पाण्यावर गेला. अशा वेळी रुग्णांचे पत्ते आणि पाण्याचे स्रोत एकाच नकाशावर मांडले तर बरंच काही कळतं. या पद्धतीचं सर्वात गाजलेलं उदाहरण लंडनचे डॉ. जॉन स्नो यांचं आहे.

कोण होते स्नो?
जन्म १५ मार्च १८१३, इंग्लंडमधील यॉर्क. वडील मजूर, नऊ भावंडांत हे थोरले. चौदाव्या वर्षी ते एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागले. पुढे लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून नाव झालं. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिलं. तेव्हा कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असं बहुतेक डॉक्टर मानत. स्नो यांनी १८४९ मध्येच पाण्याकडे बोट दाखवलं होतं. फार कोणी ऐकलं नाही.

१८५४ मध्ये काय घडलं?
ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलरा भडकला. ६०० हून अधिक लोक गेले. स्नो यांनी सरकारी मृत्यू नोंदणी कार्यालयातून ८३ मृतांची यादी मिळवली आणि पत्ते तपासले. जवळपास सगळे ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाच्या आसपासचे निघाले. फक्त १० मृत्यू दुसऱ्या हापशाजवळ होते. त्यातल्या पाच कुटुंबांत पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच यायचं. ८ सप्टेंबरला त्या हापशाचा दांडा काढला गेला.

मग नकाशा कशासाठी?
हापसा बंद झाला तो यादी आणि चौकशीमुळे. नकाशा नंतर तयार झाला, लोकांना पटवण्यासाठी. प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ, शिवाय हापशांच्या जागा.

खरी ताकद अपवादांत होती. जवळच्या गरीबगृहात ५३५ जण राहत, पण मृत्यू फक्त पाच, कारण तिथे स्वतःची विहीर होती. हवा दोषी असती तर तेही वाचले नसते. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. ती ब्रॉड स्ट्रीटचं पाणी मुद्दाम मागवायची.

लगेच पटलं का?
नाही. दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनीही मान्य केलं. सरकारी आरोग्य मंडळाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. १६ जून १८५८ रोजी, ४५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कॉलऱ्याच्या जंतूवर रॉबर्ट कॉख यांनी शिक्कामोर्तब केलं ते १८८४ मध्ये, कोलकात्यात.

आज काय लक्षात ठेवायचं?
मोबाईलवर साथीचा नकाशा आला की फक्त लाल ठिपक्यांची गर्दी बघू नका. दाट वस्तीत ठिपके जास्त दिसणारच. तिथे राहतात किती, पाणी कुठून येतं आणि शेजारची गल्ली कशी वाचली, हेही विचारा.